मागचा लाल दिवा आणि त्याची खीळ

१/ ढोकीतील आमच्या आळीतून दर आषाढीला दिंडी निघते, तिच्याबरोबर एक जुनी व्हॅन जाते. तिच्या पोटात गॅसची शेगडी, पातेली, पाण्याची टाकी, ताडपत्र्या आणि थकलेल्या वारकऱ्याला आडवे होण्यापुरता एक बाक आहे. परदेशात अशा वाहनाला मोटरहोम म्हणतात. आम्ही तिला ‘दिंडीची गाडी’ म्हणतो. यंदा तिचे बाहेरचे दिवे बदलण्याचे काम माझ्या वाट्याला आले. दोन तासांचे वाटलेले काम दोन दिवस चालले. दिवे सहज मिळाले. घोडे अडले ते दिवे धरून ठेवणाऱ्या स्क्रूंपाशी.

२/ गंजलेला स्क्रू काढता काढता लक्षात आले, की या एका भोकात शंभर-सव्वाशे वर्षे साचलेली आहेत. वाहनाच्या मागे दिवा का लागतो, तो कोणी लावायचा, कशाने बांधायचा आणि विझला तर जाब कोणाला विचारायचा, या चार प्रश्नांचा इतिहास ढोकीच्या तीन वाटांवर वाचता येतो: बैलगाडीची चाकोरी, बार्शी लाइटचे रूळ आणि लातूर–बार्शी रस्ता. आजचा धागा त्याविषयी. लांब आहे, सावकाश वाचावा.

३/ आरंभ शेजारच्या तेरपासून करू. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर ही दख्खनची दोन ठळक व्यापारी नगरे म्हणून येतात. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर, असा हिशेब त्यात दिला आहे. तगरचे कापड गाड्यांवर लादले जाई आणि धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरी पोहोचे. आमच्या परिसराच्या लेखी इतिहासाच्या उंबरठ्यावरच अशी भरलेली गाडी उभी आहे.

४/ अशी गाडी शतकानुशतके सुतार आणि लोहार यांच्या हातांवर चालली. आख, तुंबा, आरे, चाकावरची लोखंडी धाव, आणि चाक आखावरून निसटू नये म्हणून टोकाला ठोकलेली खीळ. आपण मराठीत काम अडले की ‘खीळ बसली’ म्हणतो. गाडीवानाच्या दृष्टीने मात्र खीळ नीट बसलेली असणे हेच प्रवासाचे पहिले आश्वासन. पुढचा सगळा धागा या लहानशा वस्तूभोवती फिरणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

५/ रॉकेलचे कंदील खेडोपाडी पोहोचल्यावर गाडीला दिवा मिळाला. पण तो गाडीचा नव्हता, घरचा होता. रात्रीच्या वाटेला लागताना घरातील कंदील उचलायचा आणि आखाखाली टांगायचा. मुक्कामाला पोहोचल्यावर तोच कंदील चुलीपाशी यायचा. बांधणी म्हणजे दोरीची एक गाठ किंवा तारेचा आकडा. माझे आजोबा सांगत, की आकडा सैल असला तर कंदील हेलकावे खातो, आरीची सावली बैलांच्या पायांत नाचते आणि नवखा बैल बुजतो. म्हणून निघण्यापूर्वी आकडा ओढून पाहणे ही सवयच असे.

६/ येथे एक प्रश्न विचारू. त्या गाडीला मागे लाल दिवा का नव्हता? कारण मागून येणारी गाडीही बैलांचीच होती. ताशी तीन-चार किलोमीटरने चालणाऱ्या गाडीवर तितक्याच वेगाची दुसरी गाडी येऊन आदळत नाही. आणि बैल आपल्या डोळ्यांनी पाहतो, गाडीवान झोपला तरी. मागच्या दिव्याची गरज अंधारातून जन्मली नाही. एकाच वाटेवर दोन वेग आले, त्या दिवशी ती जन्मली. आमच्याकडे हा दुसरा वेग पहिल्यांदा रुळांवरून आला.

७/ एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अरुंद रुळांच्या रेल्वेचा ध्यास घेतला होता. दोन फूट सहा इंच रुंदीचा त्याचा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत सुरू झाला. १९०६ मध्ये एक फाटा पंढरपूरला पोहोचला. बार्शीच्या पूर्वेस हाच मार्ग १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ मध्ये ढोकी, मुरूड ओलांडून लातूरला भिडला. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हद्दीतून निघालेली गाडी संस्थानी मुलखात शिरत असे.

८/ लहानपणी मला वाटे, ‘बार्शी लाइट’ म्हणजे दिव्यांची गाडी. त्यातला ‘लाइट’ हा वजनाचा आहे: हलकी रेल्वे. कॅलथ्रॉपचे मर्मच ते होते. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च आवाक्यात राहतो. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात घडली. डबेही लीड्समध्येच, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे तयार झाले. त्यांच्याबरोबर इंग्लंडचे नट, बोल्ट आणि त्यांचे आटेही आमच्या रानात आले. या आट्यांकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

९/ नावात दिवा नसला तरी रेल्वेला दिव्यावाचून चालत नव्हते. त्या काळी रेल्वेच्या शेवटच्या डब्यामागे तेलावर जळणारा लाल भिंगाचा दिवा अडकवत. डब्याला तो कायमचा जखडलेला नसे. डब्यावर रिव्हेट मारून बसवलेली लोखंडी पट्टी असे आणि दिव्याच्या पाठीवर तिच्या मापाची खाच. दिवा वरून सरकवला की घट्ट बसे, उचलला की निघे. डबा बदलला, तर दिवा काढून नव्या शेवटच्या डब्याला लावायचा. बांधणी साधी होती, पण हेतुपूर्वक घडवलेली होती.

१०/ या दिव्याचा अर्थ केवळ ‘मागून आदळू नका’ एवढाच नाही. गाडी स्थानकातून पुढे जाताना शेवटच्या डब्यावर दिवा आहे की नाही, हे तेथील कर्मचाऱ्याने पाहायचे असते. दिवा दिसला तर गाडी पूर्ण आली. दिसला नाही तर वाटेत साखळी तुटून काही डबे मागे रुळांवरच उभे असण्याची शक्यता आहे. म्हणून मागच्या गाडीला त्या टप्प्यात सोडायचे नाही. लाल दिवा हा गाडी अखंड असल्याचा दाखला होता. दिवसा त्याच कामासाठी शेवटच्या डब्यावर पाटी येते. एक्स आणि एल.व्ही. ही अक्षरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

११/ आणि या दिव्याला धनी होता. तो पेटलेला आहे, स्वच्छ आहे, नीट बसला आहे, याची जबाबदारी गार्डची. तो पाहिल्याची जबाबदारी स्थानकाची. दिवा विझला तर विचारायचे कोणाला, हे ठरलेले होते. १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट सरकारने विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केली. पुढे कुर्डुवाडी–लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. ते काम २००८ पर्यंत पुरे झाले. अरुंद रूळ गेले, पण शेवटच्या डब्यामागे लाल दिवा असलाच पाहिजे, हा दंडक राहिला.

१२/ मोटार आली तेव्हा दिव्यांच्या बाबतीत ती घोडागाडीचीच धाकटी बहीण होती. आरंभीच्या मोटारींना तेलाचे दिवे असत. मग कार्बाइडचे आले: कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचे, ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो जाळायचा. उजेड प्रखर, पण प्रत्येक संध्याकाळी पाणी भरा, राख काढा, नळी तपासा, आगपेटी ओढा. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारी आणि विजेवर उजळणारी मोटार बाजारात आणली. त्यानंतर दिवा लावणे म्हणजे बसल्या जागी एक बटण ओढणे झाले.

१३/ या बदलाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. कंदील रोज हातात घ्यावा लागे. काच पुसावी लागे, वात कापावी लागे, आकडा ओढून पाहावा लागे. विजेचा दिवा स्क्रूने पत्र्याला जखडला गेला आणि माणसाच्या हातातून सुटला. चालक पुढे बसतो. मागचा दिवा त्याला दिसतही नाही. घरात उचलून नेता येणारी, गार्डच्या नावावर असणारी वस्तू आता वाहनाचा भाग झाली. जी वस्तू सगळ्या वाहनाची असते, तिच्याकडे रोज पाहणारा कोणीच नसतो.

१४/ ही पोकळी कायद्याने भरायचा प्रयत्न केला. भारतात मोटार वाहन कायदे झाले ते १९१४, १९३९ आणि १९८८ साली. शेवटचा १ जुलै १९८९ पासून लागू आहे आणि त्याच दिवसापासून केंद्रीय मोटार वाहन नियमही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावलेले असावेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा. क्रमांकाच्या पाटीवर पांढरा उजेड असावा आणि क्रमांक १५ मीटरवरून वाचता यावा, असे ते सांगतात.

१५/ १५५ मीटर म्हणजे किती? ताशी ८० किलोमीटरने येणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. लाल दिवा दिसला तर मागच्या चालकाला जवळजवळ सात सेकंद मिळतात. दिवा नसेल, तर त्याच्या हेडलाइटचा खाली केलेला झोत जेमतेम चाळीस-पन्नास मीटर पुढे पाहतो. हाती उरतात दोन सेकंद. त्यांतला एक तर समोर काय आहे हे उमगण्यातच जातो. पाच सेकंदांचा हा फरक पाच वॅटच्या एका बल्बवर अवलंबून असतो.

१६/ आता आमच्या व्हॅनकडे परत येऊ. तिची तक्रार विचित्र होती. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही मंद उजळे. इंडिकेटर दिला की लाल दिवा लुकलुके. मी नवे बल्ब आणले, फरक पडला नाही. आळीच्या टोकाला ज्या चाचांचे गॅरेज आहे त्यांनी दिव्याकडे पाहिलेही नाही. दिवा ज्या स्क्रूने पत्र्याला धरलेला होता, त्यावर नख फिरवून तांबूस भुकटी मला दाखवली. म्हणाले, “बाळा, दिवा नवा आणलास. पण त्याला धरणार कोण?”

१७/ कारण असे आहे. घरातील दिव्याला दोन तारा येतात. वाहनातील बऱ्याच दिव्यांना एकच. परतीची तार म्हणजे वाहनाचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि दिव्यातून गेलेली वीज पत्र्यातून परत बॅटरीकडे जाते. जुन्या दिव्यांत ही परतीची वाट कित्येकदा दिवा बसवण्याच्या स्क्रूतूनच जाते. म्हणजे तो स्क्रू एकाच वेळी खिळाही असतो आणि तारही. त्यावर गंज चढला की दिवा जागेवर असतो, पण वीज परतू शकत नाही.

१८/ मग ती आडवाट शोधते. ब्रेकच्या तारेतून आलेली वीज शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरून बाहेर पडू पाहते, म्हणून दोन्ही दिवे अर्धवट उजळतात. मागच्या चालकाला त्यातून ना थांबण्याचा संकेत मिळतो, ना वळण्याचा. गॅरेजवाले याला ‘बॉडी अर्थ गेली’ असे म्हणतात. जुन्या वाहनाचे दिवे बदलणाऱ्या प्रत्येकाने बल्बवर पैसे घालण्यापूर्वी सांगाड्यापासून दिव्यापर्यंत एक तात्पुरती तार जोडून पाहावी. दिवा लखकन उजळला तर दोष खिळ्यात आहे.

१९/ स्क्रू काढायला एक रात्र गेली. गंज सोडवणारे तेल सोडले, सकाळी हलक्या हाताने हातोडी मारली. चारांतले दोन सुटले, एकाचे डोके तुटले आणि चौथा सहज फिरत होता, पण बाहेर येईना. चाचांनी ड्रिलने दोन्ही काढले. चौथ्या भोकातील आटे पुरते खाल्ले गेले होते. निघालेला बोल्ट त्यांनी बोटांत फिरवून पाहिला आणि सांगितले: भोक सहा एमएमचे, बोल्ट दोन सुती. पूर्वी कोणीतरी जो हाताशी आला तो दामटून बसवला होता.

२०/ ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. सहा एमएमच्या भोकात तो थोडा जाड होतो. खरी अडचण आट्यांची: सहा एमएमच्या नेहमीच्या बोल्टचे आटे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर असतात, पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचे इंचाला वीस, म्हणजे १.२७ मिलिमीटरवर. पहिला अर्धा फेरा दोघेही एकमेकांना धरतात. मग जोर लावला की पत्र्यातील आटे कापले जातात. बोल्ट बसल्यासारखा वाटतो; खड्ड्या-खड्ड्याला सैल होत जातो.

२१/ या पाव इंचामागे मोठा इतिहास आहे. १८४१ पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरीव मापांची एक पद्धत मांडली आणि रेल्वेमुळे ती साम्राज्यभर पसरली. स्वतंत्र भारताने १९५६ च्या वजनमाप कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली. १९५७ मध्ये नवे पैसे आले. नाण्यांतील आणे विरले, पण हार्डवेअरच्या दुकानात सूत टिकले. ‘दोन सुती द्या’ आणि ‘दहा-अकराचा पाना द्या’ ही वाक्ये आजही एकाच दमात उच्चारली जातात.

२२/ म्हणून मी त्या भोकाला दस्तऐवज म्हणतो. लीड्सहून रेल्वेबरोबर आलेली इंचाची भाषा आणि दिल्लीच्या कायद्याने आलेली मिलिमीटरची भाषा त्या नखाएवढ्या जागेत समोरासमोर आल्या आणि दोघींच्या भांडणात आटे गेले. ही चूक मूर्खपणाची म्हणता येत नाही. रात्रीच्या वेळी, वाटेत, हाताशी असलेल्या डब्यातून जो बोल्ट निघाला तो कोणीतरी बसवला असेल. निकड संपली, बोल्ट मात्र तसाच राहिला.

२३/ दुरुस्ती अशी झाली. फाटलेले भोक थोडे मोठे करून त्यात रिव्हेट नट बसवला. हा आतून फुगून पत्र्याला धरतो आणि नवे, स्वच्छ आटे देतो. बाकी भोकांत योग्य मापाचा टॅप फिरवला. भोकाभोवतीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले. दिव्यामागे रबरी गॅस्केट, स्क्रूखाली वायसर, आट्यांना ग्रीसचे बोट. प्लॅस्टिकची काच हाताने जेवढी घट्ट बसते तेवढीच आवळली. पुढे जोर लावला तर तिला तडा जातो आणि तड्यातून पाणी शिरते.

२४/ शेवटी चाचांनी प्रत्येक दिव्यापासून सांगाड्यापर्यंत काळी तार स्वतंत्र ओढली, म्हणजे परतीसाठी स्क्रूवर विसंबायला नको. लाल दिव्यासाठी दोन तारांचा बल्ब घेतला: पाच वॅटची तार रात्रभरासाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या टोपीवरील दोन खुंट्या मुद्दाम खाली-वर असतात, म्हणजे तो उलटा बसतच नाही. इंडिकेटरला मी एलईडी लावले तर ते भराभर लुकलुकू लागले. जुना फ्लॅशर जेवढ्या विजेची अपेक्षा धरतो तेवढी एलईडी ओढत नाही. फ्लॅशरही बदलला, तेव्हा लय जमली.

२५/ येथे धागा संपवता आला असता. पण ढोकीत मागच्या दिव्याचा विषय काढला की लोकांना व्हॅन आठवत नाही, ऊस आठवतो. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आमच्या गावचा. मध्यंतरी काही वर्षे तो बंद होता, तरी ऊस आणि ऊसतोड कामगार या भागाला नवे नाहीत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात. पूर्वी कुटुंबे आपल्याच बैलगाडीत संसार भरून दिवसचे दिवस चालत येत: पीठ, भांडी, कोंबडी, लेकरू. हौसेने नव्हे, उचल फेडण्यासाठी. चाकांवरचे घर आमच्याकडे असे फार पूर्वीपासून आहे.

२६/ २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरच्या घरातून हौसेने फिरणाऱ्यांची सोय व्हावी, हे चांगलेच आहे. त्या वाहनांना नोंदणी आहे, दिवे आहेत, विमा आहे. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीचे तसे नाही. मोटार वाहनाच्या कायदेशीर व्याख्येत यंत्रशक्तीने चालणारी वाहने येतात, ट्रेलरही येतो. बैल जुंपलेली गाडी येत नाही. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीला लाल दिवा हवा, हे नियम सांगतो; तिच्याच मागून जाणाऱ्या टायरगाडीला १५५ मीटरचा तो नियम लागू नाही. रस्ता एक, अंधार एक.

२७/ ट्रॉलीचे तरी काय होते? दिव्याची तार ट्रॅक्टरला जोडायला एक प्लग असतो. हंगामात ट्रॉल्या या ट्रॅक्टरवरून त्या ट्रॅक्टरवर जातात. प्लग जुळत नाही, तार लोंबते, एके दिवशी चाकाखाली जाते. दिवा शाबूत असला तरी मागे फूट-दोन फूट बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी झाकला जातो. रेल्वेच्या दिव्याला जशी प्रत्येक शेवटच्या डब्यावर एकाच मापाची पट्टी होती, तशी व्यवस्था या साखळीत नाही; आणि येथे गार्डही नाही.

२८/ बैलगाडीसाठी सर्वांत शहाणा उपाय म्हणजे परावर्तक. इंग्लंडातील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ याने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्या’चे पेटंट घेतले. लाल परावर्तकाचे तत्त्वही तेच: आलेला उजेड, तो ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवायचा. वात नाही, बॅटरी नाही, परतीची तार नाही. मागून येणाऱ्याचाच उजेड उसना घेऊन त्याला सावध करायचे. आखाखालच्या कंदिलानंतर बैलगाडीला साजेसा एवढाच एक दिवा निघाला आहे.

२९/ पण तोही कशाने तरी बांधावा लागतो. हंगामाच्या सुरुवातीला चिकटपट्ट्या वाटल्या जातात, त्याची छायाचित्रेही येतात. धुळीने माखलेल्या लाकडावर चिकटपट्टी पंधरवडाभरही धरत नाही. साटीला लावली तर उसाखाली जाते. परवा चाचांनी एक साधी गोष्ट केली. जाड कापडाच्या वीतभर रुंद पट्टीवर लाल परावर्तक शिवून घेतले आणि दोन टोकांना तारेचे आकडे लावले. ऊस भरून झाल्यावर ज्या दोराने तो आवळतात, त्याच दोरात आकडे अडकवायचे. माल कितीही मागे आला तरी पट्टी सर्वांत मागे राहते.

३०/ हे मी एवढ्या तपशिलात का लिहितो आहे, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या आळीतील एक मुलगा, माझ्याच वर्गात होता, रात्री मोटरसायकलवरून गावाकडे येताना उसाने भरलेल्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला दिवा होता. तो जळत नव्हता. पंचनाम्यात एका ओळीत तसे लिहिले गेले. ती ओळ वाचल्यापासून मला प्रत्येक वाहनाच्या मागे जाऊन उभे राहण्याची सवय लागली आहे. दिंडीची गाडी माझ्याकडे आली ती त्यामुळेच.

३१/ इतिहास शिकताना आपण उजेडाची प्रगती मोजतो: तेल, कार्बाइड, तंतूचा बल्ब, एलईडी. त्या मोजणीत दर पिढीला दिवा सुधारतो. बांधणीच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी निघते. कंदील टांगणाऱ्याला आकडा ओढून पाहावा लागे. गार्डच्या दिव्यामागे गार्डचे नाव होते. जखडलेल्या दिव्यामागे वेळोवेळीची तपासणी राहिली, आणि उसाच्या गाडीमागे तीही नाही. दिवा तेजस्वी होत गेला आणि त्याला रोज हात लावणारा माणूस कमी होत गेला.

३२/ म्हणून जुन्या गाडीचा मागचा दिवा दुरुस्त करणे मला आता किरकोळ काम वाटत नाही. तो दिवा आपल्यासाठी नसतोच. आपण पुढे पाहत असतो. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी तो लावायचा. उद्या पहाटे दिंडी निघेल. निघण्यापूर्वी कोणीतरी मागे उभे राहील, मी ब्रेक दाबीन आणि तो ओरडून सांगेल, की लागला. एवढे दोन माणसांचे काम आहे. बार्शी लाइटवर ते गार्ड आणि स्टेशन मास्तर करीत.

३३/ आपल्या घरी आखाखाली टांगायचा जुना कंदील, रेल्वेचा लाल दिवा किंवा त्याची पट्टी असेल, तर काच नको, त्याच्या बांधणीचे छायाचित्र खाली टाकावे: आकडा, खाच, खीळ, जे असेल ते. आपल्या भागात त्या भागाला कोणता शब्द आहे, तोही लिहावा. आणि आज रात्री घरी परतल्यावर एकदा गाडीच्या मागे जाऊन दिवा हाताने हलवून पाहावा.